नॉर्मल हात

"लागलं?"

"लागलं."

"कुठलं बोट?"

"करंगळी," बाबा म्हणाले. डोळे मिटून, मान ताठ ठेवून, एखाद्या शहाण्या पेशंटसारखे.

मुलीने करंगळीवरून कापूस उचलला आणि वहीत बरोबरची खूण केली. गेले दहा दिवस दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की हाच उद्योग चालायचा. घड्याळं दुरुस्त करायचं टेबल, त्यावरचा दिवा, आणि दिव्याखाली बाबांचा उजवा हात. कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं, आजारी हात ओळखायचा असेल तर आधी नॉर्मल हात पाठ करा, घरातलं कुणीतरी पकडा. तिने बाबांना पकडलं होतं. उद्या सकाळी तोंडी परीक्षा.

आणि डोक्यात नुसता गोंधळ. हाताच्या तीन नसा म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या तीन जावा. काम एक, मानकरी दोन, आणि बिनसलं की तिसरीचं नाव. अंगठा कुणाकडे, मनगट उचलते कोण, करंगळी कुणाच्या वाट्याला, सकाळी पाठ केलेलं दुपारी उलटंपालटं व्हायचं. त्यात जंतू वेगळेच. कुणी गोल, कुणी लांबुळके, कुणी माळेत, कुणी झुपक्यात. तिने नसांच्या कार्डांचा एक गठ्ठा केला होता, जंतूंच्या कार्डांचा दुसरा. बाबांनी पंखा लावला आणि दोन्ही गठ्ठे जमिनीवर एक झाले.

"बाबा!"

"त्यात काय एवढं? मी घड्याळ उघडून बसतो तेव्हा शिंकसुद्धा दाबून धरतो. तुझी तर नुसती कार्डं."

बोलता बोलता त्यांच्या चिमट्यातला स्क्रू निसटून टेबलाखाली गेला. आजचा चौथा. "चष्मा बदलायला झालाय," ते म्हणाले.

तिने कार्डं निवडली. एकच कार्ड कुठल्या गठ्ठ्यात जातं ते कळेना. वर जंतूचं नाव, खाली कोपराजवळच्या नसेची माहिती. घाईत दोन कार्डांचा मजकूर एकावर उतरला असणार, असं म्हणून तिने ते बाजूला ठेवलं.

"चला डॉक्टरीणबाई, उरकून टाका." बाबांनी पुन्हा हात पुढे करून डोळे मिटले.

तिने कापूस करंगळीवर नेला आणि मध्येच थांबली. करंगळीची नस कुठली, तेच ऐन वेळी आठवेना. कापूस बोटाच्या वर तसाच अधांतरी राहिला.

"लागलं," बाबा म्हणाले. "करंगळी."

तिला हसू आलं. "अहो, मी अजून टेकवलासुद्धा नाही!"

"मग टेकव की."

"तुम्ही बघताय."

"छे."

"पापण्या हलतायत तुमच्या." तिने घड्याळं पुसायचं स्वच्छ फडकं घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांवर बांधलं.

अंगठा, बरोबर. पहिलं बोट, बरोबर. मधलं बोट, बरोबर. मग करंगळी. बाबा गप्प. तिने कापूस पुन्हा टेकवला. मग पेनचं टोपण दाबलं, जरा जोरातच.

"थांबलीस का गं?" बाबांनी विचारलं.

तिने टोपण उचललं. करंगळीवर गोल वळ उठला होता.

"बाबा, खरं सांगा. दहा दिवस तुम्ही बघून सांगत होता?"

"किलकिल्या डोळ्यांनी, थोडंसं." फडक्याखाली ते हसले. "करंगळीला जरा कमी कळतं हल्ली. कोपर टेकून टेकून बसतो ना, दुसरं काय! म्हटलं, तुझी परीक्षा तोंडावर आलीय, आपण कशाला नन्नाचा पाढा लावायचा?"

कोपर. हो, कोपरच असेल. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस कोपर टेकणारच. तिने त्यांच्या कोपरामागे बोट फिरवलं. कातडीखाली जाड दोरीसारखं काहीतरी सरकलं. डाव्या कोपराला तसं काही लागेना. तिने उजवी बाही वर सारली. कोपराखाली नाण्याएवढा फिकट डाग होता. घरात सगळ्यांना माहीत असलेला, उन्हाचाच म्हणून ठरून गेलेला. तिने त्यावरून कापूस फिरवला. बाबा काही बोलले नाहीत.

तिने बाजूला ठेवलेलं कार्ड उचललं. दोन कार्डं एकावर उतरली नव्हती, ते एकच होतं. कुष्ठरोगाचे जंतू. कोपराजवळची नस जाड, करंगळी बधिर, अंगावर फिकट डाग. गोळ्यांनी बरा होतो. लवकर सापडला तर हात वाचतो. 'लवकर'खाली तिनेच दोनदा रेघ ओढली होती.

की कोपरच? दोन्ही असू शकतं का? मॅडमना आत्ताच फोन करावा की आधी बाबांना सांगावं? सगळं एकदम आठवत होतं आणि धड काहीच सुचत नव्हतं. वहीत दहा दिवसांच्या दहा खुणा होत्या, सगळ्या बरोबरच्या. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी तिने बाबांची करंगळी मुठीत धरली. घट्ट, असेल तेवढ्या जोराने.

बाबा थोडा वेळ वाट बघत बसले. मग डोळ्यांवरच्या फडक्यासकट मान इकडेतिकडे वळवत म्हणाले,

"अगं, कुठे गेलीस?"