तात्यांची कूड

तात्यांनी सकाळपासून चौथ्यांदा घर फिरवलं. माऊसचं चाक दाबून धरायचं आणि हात हळूहळू सरकवायचा, बस्स. पडद्यावरचं घर वळून आपली मागची बाजू दाखवी.

ही विद्या त्यांना सुनेनं दिली होती. तनया डिचोलीत एका इंजिनीयरकडे घरांचे आराखडे काढायची. सर्वणला जागा घेतल्यावर ती आपल्याच घराचं चित्र काढायला बसली. त्याला हात घातला तो सासूच्या तगाद्यामुळे. पद्मावतीला सोलां, म्हणजे आमसुलं, वाळवायला ऐसपैस पडवी हवी होती, आणि बाकीच्या घराचं काय ते नंतर बघा असं तिचं म्हणणं. म्हणून तनयानं आधी ती पडवीच काढली.

'फ्रंट'चं बटण दाबलं की पुढची बाजू, 'बॅक'चं दाबलं की मागची, असं तनयानं समजावलं. कॉम्प्युटरला रस्ताबिस्ता काही कळत नाही, आपण जिथून सुरुवात करू ती त्याची पुढची बाजू, असंही ती म्हणाली. पण तोवर तात्या घर गरागरा फिरवण्यात रंगले होते. अठ्ठावीस वर्षं डिचोली-पणजी बस चालवलेला माणूस. वळवायला काही मिळालं की झालं.

पहिल्या दिवशी पुढची बाजू बघून ते खूश झाले. रुंद पडवी, चार खांब. मग त्यांनी मागची बाजू घेतली. तिथे एक लहान पडवी, एक दार, दोन ठेंगण्या पायऱ्या आणि दाराला लागून एक खोली, घरच्या भाषेत कूड. खोलीवर लिहिलं होतं, 'तात्या'.

त्यांचा हात माऊसवरच राहिला.

पार्से गावातल्या जुन्या घरात, स्वतःच्या लग्नात जागा कमी पडली तेव्हा, तात्यांनी आपल्या वडिलांचं अंथरूण मागच्या पडवीत हलवलं होतं, गोठ्याला लागून. म्हाताऱ्यानं हूं की चूं केलं नाही. 'हांगा वारो बरो येता,' एवढंच म्हणाला. नऊ वर्षं त्यानं तो वारा खाल्ला. करावं तसं भरावं, तात्यांनी स्वतःला सांगितलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"तुमची कूड बरी जाल्या न्ही, तात्या?" मागून चहा घेऊन आलेल्या तनयानं विचारलं.

"बरी आसा," तात्या म्हणाले. "वारो बरो येतलो."

तिचा चेहरा फुलला. तात्या रोज येऊन त्याच बाजूनं घर बघत बसतात, म्हणजे खोली त्यांना भलतीच आवडलेली दिसते, असं तिनं धरलं. मग तिलाही चेव आला. एका रविवारी तिनं पायऱ्यांना कठडा लावला, त्यांच्या गुडघ्यांसाठी. दुसऱ्या रविवारी पडवीत बसायला सोपा, म्हणजे बांधीव बाक, काढला. तिसऱ्या रविवारी खोलीचं जनेल दुप्पट रुंद केलं. दर रविवारी तात्यांना वाटे, आता म्हातारा मागच्या दारी पक्का बसवला. एवढ्या मोठ्या जनेलातून दिसणार काय, तर काजूचं रान.

त्यांची मागणी काही राजवाड्याची नव्हती. जागा घेतली त्या दिवशीच ते सगळ्यांसमोर म्हणाले होते की आपल्याला काही नको, बसल्या जागेवरून येणारी-जाणारी गाडी दिसली म्हणजे पुरे. ते कोणाच्या लक्षात राहायला?

तोंडानं मात्र ते काही बोलले नाहीत. पार्सेला भावाला, बाबाजीला, फोन केला. बाबाजी म्हणाला, ये, अख्खं घर मोकळं पडलंय. तात्यांनी पिशवी भरली. दोन लुंग्या, रक्तदाबाच्या गोळ्या, ड्रायव्हरकीचा बिल्ला. पायाभरणी झाली की अकराची गाडी धरायची. आधी चार दिवस म्हणून सांगायचं, मग आठ, मग सवय होते माणसांना. भांडून जायचं नव्हतं. सून लाखात एक होती, आणि लागतं ते अशाच माणसाचं.

पायाभरणीच्या सकाळी ईशान्येच्या कोपऱ्यात भटजींनी पूजा मांडली. मुलगा शिवदास आणि तनया पाटावर बसली. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, तात्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जागेच्याच रस्त्याकडल्या कडेला एक दगड होता, तिथून वळणावरची गाडी लांबून दिसत होती. ते पिशवी घेऊन त्या दगडावर जाऊन बसले.

पूजा आटोपल्यावर तनया प्रसाद घेऊन आली. तिनं पिशवी बघितली.

"खंय भायर सरल्यात?"

"भावागेर वतां. चार दीस."

तिनं प्रसाद त्यांच्या हातावर ठेवला. मग म्हणाली की चार नकोत, दोनच राहा, तुमच्या खोलीच्या लाद्या तुमच्या पसंतीशिवाय मी घेणार नाही. तात्यांनी मान हलवली. प्रसादाचा शिरा त्यांनी तोंडात टाकला. ही पोर इतकी माया करते आणि तरी आपल्याला मागे ठेवते, याचा मेळ त्यांना कसा तो लागत नव्हता.

ती गेली. वळणावर हॉर्न वाजला. अकराची गाडी दिसू लागली, आणि जुन्या सवयीनं तात्यांनी घड्याळ बघितलं. चार मिनिटं उशीर. ते पिशवीचे बंद हातात घेतात तोच सदाशिव गवंडी खुंटी आणि हातोडा घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"तात्या, मात्शे उठात," तो म्हणाला. "हांगा मुखेल दाराफुडें तुळस येतली, तुमच्या जनेलांतल्यान दिसपासारकी."