चौदा नंबरची खाट

तपासनीसाचं पेन चौदा नंबरच्या खाटेपाशी थांबलं.

"ही कोणाची?"

"मावशींची," हेडबाई म्हणाल्या. निवारा त्या चालवायच्या, आणि त्यांचं खरं नाव कोणालाच आठवत नव्हतं. "मागच्या अंगणात गेल्यात. येतील."

शेजारच्या खाटेवरून म्हाताऱ्या शिंप्याने मान वर केली. "साहेब, मला दोनदा मोजा. घोरतो मी दोघांएवढा."

तपासनीस हसला नाही. शहर दरवर्षी निवाऱ्यांना अनुदान देतं, आणि देण्याआधी त्याच्यासारख्याला डोकी मोजायला पाठवतं. मोजणी रविवारी सकाळी, कारण एरवी माणसं पोटामागे पांगलेली असतात. किमान पंचवीस बेघर हवेत. एक जरी कमी भरला तरी अर्ज बाद, निवाऱ्याला टाळं. आणि ज्याचं कमावतं मूल याच शहरात राहतं, तो बेघर धरायचा नाही. हा नियम ज्यांनी केला, त्यांच्या घरात पाहुण्यांसाठी वेगळी खोली असते.

इथे बरोब्बर पंचवीस खाटा होत्या. तपासनीसाला हे 'बरोब्बर' खटकत होतं. नाक खुपसायची त्याला जात्याच हौस, त्यात सरकारने त्याबद्दल पगार लावलेला.

तो वाकला. पांघरुणाची तीन पदरी घडी, काठाला काठ जुळवलेला. उशाशी भिंतीला वहीचं एक पान टाचलेलं. मधोमध रेघ. डावीकडे 'परीक्षा, पित्त, साहेबांशी वाजलं'. उजवीकडे 'बदली, गुडघा, गळका नळ'.

"हे काय?"

"मावशींचं पाठांतर."

"अक्षर त्यांचं?"

"छे! मी लिहून देतो," शिंपी म्हणाला. "त्यांचा चष्मा फुटलाय. आल्या तेव्हापासूनच."

"कसलं पाठांतर?"

शिंप्याने हेडबाईंकडे पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता.

तपासनीसाने फाइल उघडली. "चौदा नंबरचं नाव नुसतं 'मावशी', आणि नातेवाइकांचा रकाना कोरा. का?"

"त्यांनीच तसं ठेवायला सांगितलं."

"म्हणजे कोणीतरी आहे."

हेडबाई चादरीची सुरकुती सारखी करू लागल्या. सुरकुती नव्हतीच.

"बाई, मूल आहे का? याच शहरात?"

"साहेब, चौदा खोडलीत की चोवीस उरतील. पावसाच्या तोंडावर चोवीस माणसं घेऊन मी कुठे जाऊ?"

"मी विचारलं ते सांगा. खोटी माहिती निघाली तर पुढचे अर्जही बंद होतील."

हेडबाईंनी चादर सोडली. "आहे. मुलगा आहे, मुलगीही आहे. दोघंही इथलीच."

"खाऊन-पिऊन सुखी?"

"मावशी तरी तसंच सांगतात."

तपासनीसाचं डोकं सणकलं. असल्या लोकांची त्याला मनापासून चीड होती. त्याच्या घरी हा प्रश्नच नव्हता. आई सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने ताईकडे. ठरलं म्हणजे ठरलं. सध्या ताईकडे मजेत होती, दर रविवारी न चुकता फोन करून खुशाली कळवायची.

"दोन-दोन मुलं असून आईला वाऱ्यावर सोडतात," तो म्हणाला, "आणि तिला शहराने पोसायचं? त्या मुलाला लाज नाही?"

"त्याला बोलू नका हो. मावशींना खपत नाही."

"का खपत नाही? मी तर म्हणतो, चारचौघांत उभा करावा त्याला."

त्याने चौदा नंबरवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: चोवीस. अर्ज बाद. सही केली, तारीख घातली. शिंप्याने सुई अंगरख्याला टोचून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

खरं तर आता निघायला हरकत नव्हती. पण ते पान काही त्याच्या डोक्यातून जाईना.

"आता तरी सांगा, बाई. हे पाठांतर कसलं?"

हेडबाईंना आता राखायचं काहीच उरलं नव्हतं. "मुलीच्या दारापर्यंत गेल्या होत्या मावशी. आत नवरा-बायकोचं जुंपलेलं, म्हातारीला झोपवायचं कुठे म्हणून. बेल न वाजवताच परत फिरल्या. मुलाच्या दारात पुन्हा कशा जाणार? तिथे त्यांची खाट उचलून झाली होती. तेव्हापासून मुलाला सांगतात, लेकीकडे आहे. लेकीला सांगतात, मुलगा सोडत नाही. याच्या घरचं तिला आणि तिच्या घरचं याला सांगायचं, तर चुकून चालत नाही ना? म्हणून पान."

"आणि दोघांचाही विश्वास बसतो?"

"बसायला काय जातंय? रविवारी अकराला अंगणात जाऊन फोन लावतात. आधी मुलाला."

भिंतीवरच्या घड्याळात अकराचे ठोके पडले. मागचं दार अर्धवट उघडं होतं. अंगणात पाठमोरी बसलेली एक म्हातारी फोन डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा चाचपत होती. तिने फोन कानाला लावला.

तपासनीसाच्या खिशात फोन वाजू लागला.