बाल्कनीतला ड्रम

आई बाल्कनीतल्या ड्रममधला ओला कचरा ढवळत होती. मी नाक धरून उभी होते.

"केळ्याच्या सालीचीसुद्धा महिन्यात माती होते. तुझं तोंड मात्र वाकडं ते वाकडंच," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. मामाने माझं लग्न जमवायचं कबूल केलं, मावशीने पाटल्यांवरचा हक्क सोडला. कावळा ढिम्म. शेवटी मीच हात जोडले. "आई, तुझा ड्रम मी रोज ढवळीन. साली बारीक चिरून टाकीन."

कावळा पिंडावर झेपावला. "ही आमची ताईच," मामा म्हणाला. सगळे ताटं आवरायला गेले.

"सावकाश खा," मी कावळ्याला म्हणाले. "तुझ्याशिवाय करमत नाही गं, आई."