अर्धा कोयता
वडील वारल्यापासून खर्डा गावचा मुकादम आईला ऊसतोडीच्या टोळीत घेईना. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा. म्हणून आई मला शाळेतून काढून जोडीला न्यायला वडिलांचा कोयता घेऊनच नववीच्या दारात उभी राहिली. मी फळ्यापाशी बहात्तरच्या वर्गमुळाला सोपं रूप देत होते. अवयव पाडले: दोन, दोन, दोन, तीन, तीन. "सर, जोडी म्हणजे एक कोयता. दोघांमागं एकच आकडा बाहेर येतो. बे त्रिक सहा." "आणि उरलेला दोन?" सरांनी विचारलं. "सोडायचा!" वर्ग ओरडला. "न्हाई," मी म्हणाले. "एकटा असला तरी त्यो मोजायचा. टाकला तर उत्तरच चुकतं." मी सहाशेजारी वर्गमुळाच्या चिन्हात दोन लिहिला. सरांनी टाळी वाजवली. आईनं कोयता पदराखाली घेतला. "शिक तू. मुकादमाला सांगते, अर्धा तर अर्धा, पन मला बी मोजायचं."