मृतांच्या बाजूचा रिले

"आबा, दार उघडा! वादळाचा भोंगा झाला," केशर बाहेरून ओरडत होती.

दत्ताराम मयेकर पहाऱ्याच्या खोलीतून काचेपलीकडच्या आपल्या मुलीकडे बघत राहिला. सौर वादळांनी सगळ्या चिप जाळल्यापासून या भूमिगत वसाहतीचा कारभार लॅचिंग रिलेंवर, म्हणजे विजेने पलटणाऱ्या साध्या खटक्यांवर चाले. प्रत्येक माणसाचा एक रिले; तो 'जिवंत'वर असला तरच त्याच्यासाठी दारं उघडत आणि हवा सुटे. वीज गेली तरी तो आपली शेवटची स्थिती विसरत नसे. जमिनीवर गेलेली केशरची तुकडी आठ दिवस परतली नाही, तेव्हा तिचा रिले 'मृत'वर टाकला गेला. मेलेल्याच्या नावावर कुणी शिधा उचलू नये, म्हणून तो परत 'जिवंत'वर आणणारी तारच जोडलेली नव्हती.

दत्तारामने खोलीतल्या रिलेंच्या फळ्यावरून स्वतःचा रिले उपसला आणि केशरच्या जागी बसवला. तिचा आपल्या जागी. दार सरकलं. केशर धापा टाकत आत आली आणि त्याला बिलगली.

"चला, आई वाट बघत असेल."

"तू हो पुढे. मी आलोच."

वसाहतीत जाणारं आतलं दार तिच्यासाठी उघडलं आणि तिच्यामागे मिटलं. मग दत्ताराम त्याच्यासमोर उभा राहिला. दार हललं नाही. डोक्यावरचा हवेचा पंखा मंदावत थांबला. खोलीत जिवंत माणूस नाही, अशी यंत्राची खात्री झाली होती.

रिले पुन्हा बदलायला क्षणभर पुरला असता. पण मग आतलं प्रत्येक दार केशरला मेलेली समजलं असतं. दत्ताराम फळ्याकडे पाठ करून खाली बसला.