नर्सिंगची एक जागा

केंटकीतल्या कॉलेजने रोंडाला नर्सिंगला पुन्हा घ्यायचं कबूल केलं, पण वर्गातली एखादी जागा रिकामी झाली तरच. तोवर ती शेजारच्या टेसाचं बाळ सांभाळत होती. टेसा त्याच वर्गात होती, आणि बाळाच्या आजारपणात तिचे इतके दिवस बुडाले होते की वॉर्डातली आणखी एक पाळी चुकली तर तिचं नाव पटावरून काढणार होते.

सोमवारी पहाटे, टेसा निघायच्या वेळेला रोंडाने फोन केला.

"आज बाळाला नको आणूस गं. अंगात ताप आहे माझ्या."

"अगं, आत्ता या वेळेला मी कुणाला शोधू?"

"माझा काय इलाज? त्याला लागण झाली म्हणजे?"

संध्याकाळी दार वाजलं. कडेवर बाळ, हातात घेवड्याच्या सूपचं भांडं आणि रडून सुजलेले डोळे घेऊन टेसा उभी होती. तिने रोंडाच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

"उतरला गं बाई ताप. हे गरम आहे तोवर खाऊन घे."

 

दारातून वळताना टेसा म्हणाली, "आणि उद्या सकाळीच कॉलेजात जा. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायच्या आत."