पडवळाची भाजी

लखमा मंत्रानं सापाचं विष उतरवायचा. मंत्र टिकावा म्हणून सापासारखं दिसणारं पडवळ त्याला वर्ज्य होतं, आणि हे पथ्य त्याच्यापेक्षा तांडाच जास्त सांभाळायचा. पंगतीत पडवळ आलं की चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, "लखमाला वाढू नका रे!"

पुढं लोक साप चावलेल्याला जीपमध्ये घालून थेट औंढ्याच्या दवाखान्यात न्यायला लागले.

ज्या देविदासचं विष त्यानं एकदा उतरवलं होतं, त्याच्या पोरीच्या लग्नात काल वाढपी समोर आला. साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात लखमानं विचारलं, "पडवळ हाय का रे?"

"व्हय, काका. वाढू का?"

लखमानं साऱ्या पंगतीवरून नजर फिरवली.



मागून देविदासच ओरडला, "वाढ रे भरपूर! लाजून राहिला तो."